फटफटीवर पुढे कोण होतं

संक्रांत ते रथसप्तमी या दिवसांत घरातल्या पुरुषाला घरात जागा नसते. हॉल बायकांचा, स्वयंपाकघर वाणाच्या पिशव्यांचं, आणि मी आतल्या खोलीत, दार अर्धवट लोटून, पेपर उघडून. वाचत काही नाही, ऐकत असतो. मुलुंडच्या हवेत तेव्हा जेमतेम गारवा असतो. सकाळी डोंगरावर धुकं आहे की कुणी पाला जाळलाय ते कळत नाही, दुपारचं ऊन पाठीला बरं वाटतं, आणि संध्याकाळी जिन्यावरून गजऱ्यांचा आणि नव्या काळ्या साड्यांचा वास वर येतो. दिवस चांगले असतात. मला ते सोसत नाहीत.

बायको म्हणते, तुम्हाला माणसांचा कंटाळा. म्हणू दे. या दिवसांची मला भीती वाटते, आणि ती चाळीसहून जास्त वर्षं वाटतेय.

यंदा हॉलमध्ये विषय निघाला तिसऱ्या मजल्यावरच्या ईशाचा. पोरगी व्हिएतनामला गेलीय, एकटी. तिची आजी सगळ्यांना फोनवर फोटो दाखवत होती. ही गाडीत वरच्या बर्थवर झोपलेली, ही बसमध्ये टोपल्यांच्या मधे बसलेली, आणि ही भाड्याची मोटारसायकल घेऊन डोंगरात. कौतुक चाललं होतं, नाही असं नाही. पण मधेच एखादा आवाज खाली यायचा. एकटीच ना? म्हणजे, ग्रुप वगैरे नाही? मग कुणीतरी विचारलं, हा फोटो काढला कोणी?

मी पेपर खाली ठेवला. कारण हा प्रश्न मला नवा नव्हता. तो मी एकदा विचारलेला आहे.

मी मूळचाच संशयी. काही लोक मूळचे गोरे असतात, तसा. वर नोकरीही तशीच मिळाली. शास्त्री मार्गावर एक औषधांचा कारखाना होता, तिथे मी इंजेक्शनच्या बाटल्या तपासायचो. काळ्या पडद्यापुढे दिवा, दिव्यापुढे बाटली, बाटली हळूच उलटी करायची आणि आत कण, केस, काचेची कपची काही तरंगतंय का बघायचं. दिवसभर हेच. बाटली चांगली निघाली तर काही वाटायचं नाही. काही सापडलं की मात्र जीव सुखावायचा. ती सवय घरी येताना कारखान्याच्या गेटवर ठेवून येता येत नव्हती. भाजीवाल्याचा काटा, पाहुण्याचं हसू, मित्राने स्वतःहून दिलेली सिगारेट, सगळं मी दिव्यापुढे धरायचो.

वडील गिरणीत होते, मी शाळेत असतानाच गेले. आई आणि मी. आई मालवणकडची, तिने एकटीने मला वाढवलं आणि त्या एकटेपणात तिला सगळं जग आमच्या घरावर टपलेलं दिसायचं. आमचं जमायचं ते बरोबरच होतं.

वर्ष ब्याऐंशी. तुळशीच्या लग्नानंतर माझा साखरपुडा झाला. मुलगी बोरिवलीची, नाव शैला, सरकारी ऑफिसात टायपिस्ट. वडील चार वर्षांपूर्वी वारलेले, घरी फक्त आई. आमच्याकडे साखरपुड्याआधी चौकशी करायची पद्धत होती, आणि आमची चौकशी म्हणजे नुसती विचारपूस नव्हे. माझा मामा दोन दिवस रजा टाकून बोरिवलीला गेला. तिच्या खालच्या वाण्याकडे त्याने साबण घेतला, ऑफिसच्या कँटीनमध्ये चहा घेतला, शेजारणीला नसलेला पत्ता विचारला, आणि परत येऊन म्हणाला, झकास आहे, मुलीत नाव ठेवण्यासारखं काही नाही. मला जरा निराशाच वाटली, आता हे कुणाला सांगणार.

मधे डोंगर असल्यामुळे मुलुंडहून बोरिवलीला जायला वळसा पडायचा, पण मी जायचो. तिच्या घराशेजारचं रस्त्यावरचं सगळं मला आवडायला लागलं होतं. तीही आवडायला लागली होती. चालताना ती माझ्यापेक्षा अर्धं पाऊल पुढे असायची आणि बोलताना एकदम थेट. लग्न मे महिन्यात होतं. डिसेंबरात एकदा चालता चालता ती म्हणाली, लग्नाआधी मला एकदा एकटीने फिरून यायचंय. सिलोनला. लहानपणी रेडिओवर सिलोनहून गाणी लागायची, तेव्हापासून डोक्यात आहे. तीन आठवड्यांची रजा साठलीय. बोटीने जाईन, पुढे गाडी, बस, मिळेल ते.

मी म्हणालो, जा की. काय मोठेपणा वाटला मला स्वतःचा. मग विचारलं, पासपोर्ट? ती म्हणाली, तो काढलाय, उन्हाळ्यातच. परतीच्या बसमध्ये मी तेवढाच विचार करत होतो. उन्हाळ्यात काढला, म्हणजे मी नव्हतो तेव्हा. मग तेव्हा कुणाबरोबर जाणार होती?

घरी सांगितल्यावर आई हातातलं पीठ परातीत तसंच ठेवून उभी राहिली. "मेल्या, आणि तू हो म्हणालास?"

संक्रांतीच्या आठवडाभर आधी शैला निघाली. आमच्याकडे हळदीकुंकू म्हणजे आईचा वर्षाचा मान. त्या वर्षी तर होणारी सून तिळगूळ वाटायला येईल, बायका तिला बघतील, असं तिने मनात सगळं मांडून ठेवलं होतं. आता बायका विचारायला लागल्या, सूनबाई कुठेयत? आई म्हणाली, ऑफिसच्या ट्रेनिंगला मद्रासला गेलीय. दोन दिवस मद्रास टिकलं. तिसऱ्या दिवशी पोस्टमनने शैलाचं पिक्चर पोस्टकार्ड तळमजल्यावरच्या परबकाकूंच्या हातात दिलं. उघडं कार्ड, वर परक्या देशाचा स्टँप. परबकाकूंनी ते वाचूनच वर आणलं आणि आईला विचारलं, सिलोन मद्रासच्या जवळच ना हो?

कार्डावर पाच-सहा ओळी होत्या. रामेश्वरहून बोटीने आले. इकडे धक्क्यावरच गाडी उभी असते, बोटीतून उतरायचं की डब्यात. समोर एक बाई टोपलीत कोंबडी घेऊन बसलीय, कोंबडी माझ्याकडे बघतेय. स्टेशनावर वडे मिळतात, वर अख्खी कोळंबी चिकटवलेली. एका गृहस्थांनी खिडकीची जागा दिली. बरी आहे.

सगळं कार्ड सोडून मी त्या गृहस्थांशी थांबलो. कोण गृहस्थ? का दिली जागा? कोंबडीवर दोन ओळी आणि गृहस्थावर अर्धीच, म्हणजे काहीतरी गाळलंय.

दुसरं पत्र बसचं. ती पुढच्या मोकळ्या बाकावर बसली तर कंडक्टरने तिला हात जोडून उठवलं. तिथे पुढची जागा भिक्षूंची असते. मग एक पोरगेला भिक्षू आला, तिथे बसला, आणि मधल्या स्टॉपवर त्याने मागे वळून तिला एक केळं दिलं. तिने लिहिलं होतं, इथे कुणी मला कुठे चाललीस असं विचारलं नाही, फक्त जेवलीस का विचारतात. मी रागावलो. आम्ही विचारतो म्हणून हिला त्रास होतो की काय? आता वाटतं, ती मला एक चांगली गोष्ट सांगत होती, एवढंच. दिवसभर सांभाळून ठेवून, थकल्यावर बसून, मला लिहीत होती. माझ्यासाठी कुणी तसं काही जपून आणलं नव्हतं त्याआधी.

तिसरं पत्र डोंगरातलं, हपुतळे नावाच्या गावचं. ते नाव मी चार वेळा वाचलं. गाडी इतकी हळू चढते की माणसं उतरून फुलं तोडून परत चढतात. दोन्हीकडे चहाचे मळे, ढग खिडकीतून आत येतात आणि पुस्तक ओलं होतं. एका रिटायर मास्तरांच्या घरी खोली मिळालीय. आणि मग ती ओळ: काल मोटारसायकलने मळ्यांतून खूप फिरले, वाटेत पाऊस लागला, पायाला जळवा चिकटल्या, इतकी मजा मला कित्येक वर्षांत आली नव्हती.

संपलं. कण सापडला.

मोटारसायकलने. कुणाच्या? त्या काळात बाई मोटारसायकलने गेली म्हणजे मागे बसून गेली. नवऱ्याच्या, भावाच्या, फार तर काकाच्या मागे. एका बाजूला दोन्ही पाय, एक हात पुढच्याच्या खांद्यावर. पावसात तर खांदा घट्टच धरावा लागतो. मला तो खांदा दिसायला लागला. कारखान्यात बाटली दिव्यापुढे धरली की बाटलीत खांदा. त्या आठवड्यात माझ्या हातून दोन खराब बाटल्या पास झाल्या आणि सुपरवायझरने पहिल्यांदा मला बोलावून घेतलं. सिलोनने माझी अशी वाट लावली होती.

चौथं पाकीट आलं त्यात फोटो होता. तो मी आईला दाखवला, ही माझी पहिली चूक. फोटोत शैला मोटारसायकलवर बसलेली. साडी नाही, पंजाबी ड्रेस, ओढणी कमरेला बांधलेली, सलवार गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेली, दोन्ही हात हँडलवर, केस सगळे कपाळावर. ती हसत होती. साखरपुड्याच्या एकाही फोटोत ती अशी हसलेली नव्हती.

आता वाचणाऱ्याला वाटेल, अरे माणसा, हँडलवर हात आहेत तिचे. पण तेव्हा दुसऱ्याच्या फटफटीवर बसून फोटो काढायची पद्धत होती. आमच्या बिल्डिंगमध्ये कुणी नवी स्कूटर आणली की अख्खा मजला रांगेने तिच्यावर बसून फोटो काढायचा. माझ्या आत्याचासुद्धा आहे तसा, नाकात नथ आणि हातात हँडल. तेव्हा शैलाचे हात आम्हाला दिसलेच नाहीत. आईने बोट ठेवलं ते फोटोच्या खालच्या कडेला. तिथे फोटो काढणाऱ्याची सावली पडली होती. लांब, डोक्यावर हॅट.

परबकाकूंनीही सावली बघितली. मग दुसऱ्या मजल्याने बघितली. हळदीकुंकवाला बायका एका संध्याकाळी पाच-पाच घरं करतात, आणि त्या वर्षी प्रत्येक घरी वाणाबरोबर ती सावलीही गेली. आई रोज रात्री जेवताना एकच विचारायची, तू बोलणारेस की मी बोलू?

शैला परत आली तेव्हा रथसप्तमीला तीन-चार दिवस होते. मी रजा टाकून बोरिवलीला गेलो. वाटेत ठरवलं होतं की शांतपणे विचारायचं. ती दारात आली तेव्हा उन्हाने काळी झाली होती, डोळे नवे वाटत होते. मला बघून तिला खरोखर आनंद झाला. तिने माझ्यासाठी चहाची पुडी आणली होती, ती आधी हातात दिली, मग या म्हणाली. मी बसलोसुद्धा नाही. फोटो खिशातून काढला आणि विचारलं, ही सावली कोणाची?

ती म्हणाली, मास्तरांची. एकाहत्तर वर्षांचे आहेत, गाडीही त्यांचीच. फोटो काढायला त्यांनी पाऊण तास घेतला.

खरं म्हणजे इथे थांबायला हवं होतं. पण मी म्हणालो, "आणि चालवत कोण होतं? कुणाच्या मागे बसली होतीस?"

तिला आधी प्रश्नच कळला नाही. मग कळला. तिची आई आतून पाणी घेऊन येत होती ती तिथेच उभी राहिली.

"कुणाच्या मागे नाही," शैला म्हणाली.

मी म्हणालो, शैला, मी काही रागावणार नाही, फक्त खरं सांग. हे वाक्य मी किती समजूतदारपणे म्हणालो ते आठवलं की आजही मला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

ती चपला घालून खाली उतरली. मी मागोमाग. घराच्या बाजूला तिच्या वडिलांचं गॅरेज होतं, आता त्यांचा जुना मेकॅनिक चालवायचा. गॅरेज मला माहीत होतं, मामाच्या चौकशीत आलंच होतं. गॅरेज कुणाचं, जागा भाड्याची की मालकीची, वडील पीत होते का, सगळं आम्ही विचारलं होतं. त्या गॅरेजात वाढलेल्या मुलीला गाडी चालवता येत असेल, हे मात्र आमच्या कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. दुरुस्तीला आलेली एक फटफटी तिथे उभी होती. शैलाने मेकॅनिकला हाताने खूण केली, त्याने काही न विचारता चावी दिली, म्हणजे हे त्याला नवं नव्हतं. तिने साडीच्या निऱ्या मधून मागे खोचल्या, पदर कमरेला आवळला, एका लाथेत गाडी सुरू केली आणि गेली. समोरच्या मैदानाला तिने दोन फेऱ्या मारल्या. क्रिकेट खेळणारी पोरं बाजूला सरकून बघत राहिली. वळणावर ती गाडीबरोबर किंचित कलायची, तेवढंच. इतकं साधं. मला काय वाटलं सांगू? हायसं वाटलं. छातीवरचा दगड उतरला. इतका आनंद झाला की मी टाळ्या वाजवल्या.

ती माझ्यापुढे येऊन थांबली, गाडी बंद केली. तिला थोडा दम लागला होता.

"पटलं?"

"पटलं की," मी हसत म्हणालो. "आधी नाही का सांगायचं?"

"सांगितलं होतं. वर, मघाशी," ती म्हणाली. "तुम्हाला दाखवल्यावर पटलं. असं मी किती वेळा दाखवणार?"

मला वाटलं ती चिडलीय, जाईल राग. पण ती चिडलेली नव्हती. वर येऊन तिने अंगठी काढली, टेबलावर ठेवली आणि आईला म्हणाली, यांना चहा दे, लांबून आलेत. आणि मी बावळटासारखा तो चहा बसून प्यायलोही. तिने आणलेल्याच पुडीतला असावा, वास वेगळा होता.

घरी आलो तेव्हा आमच्या हॉलमध्ये हळदीकुंकू चाललं होतं. आई मला बघून उठली आणि पॅसेजमध्ये आली. माझ्या हातात अंगठी. आईने ती बघितली. खरं काय ते दोन वाक्यांत सांगता आलं असतं. गाडी तीच चालवत होती, आणि मी विश्वास ठेवला नाही म्हणून तिने मला नाही म्हटलं. पण एकोणतीस वर्षांच्या पुरुषाला हे बोलणं जड गेलं. मला लाज वाटत होती आणि ती लाज कुणावर तरी टाकायला हवी होती.

आईने हळूच विचारलं, "होता ना रे कोणीतरी?"

"हो," मी म्हणालो.

एवढंच. एक अक्षर. आई हॉलमध्ये परत गेली. रथसप्तमी होईपर्यंत ते अक्षर कुठे कुठे पोचलं असेल याचा हिशोब मी कधी केला नाही.

पण एकदा ते माझ्यासमोर आलं. दोनेक वर्षांनी, असेच दिवस होते. ठाण्याहून एक वयस्कर जोडपं आमच्याकडे आलं. बोरिवलीच्या एका मुलीचं स्थळ बघतोय म्हणाले, आधी तुमच्याकडे ठरलं होतं असं कळलं, का मोडलं ते विचारायला आलो. पद्धतच ती. चौकशी. आईने त्यांना चहा दिला आणि सांगितलं. वाईट मनाने नाही, आपल्या मुलावर आलं ते दुसऱ्याच्या मुलावर येऊ नये म्हणून. मी आतल्या खोलीत होतो, दार अर्धवट लोटलेलं. उठून बाहेर यायला चार पावलं. ते गृहस्थ म्हणाले, बरं झालं विचारलं. मग चपलांचा आवाज, मग जिना. मी पेपर धरून बसलो होतो.

शैलाचं पुढे काय झालं मला माहीत नाही. बदली घेऊन कुठेतरी गेली असं ऐकलं. विचारायला तोंड मी ठेवलं नव्हतं. माझं लग्न झालं, बायको चांगली मिळाली, तिनेही चौकशी केली होती आणि तिला आईने तेच सांगितलं होतं. मग मीही तिला तेच सांगितलं. आई तेच खरं धरून गेली. मी नोकरीतून सुटलो, आणि सिलोनला तर आता कुणी सिलोन म्हणतही नाही. ती पत्रं माझ्याकडे नाहीत, पण कोंबडी आठवते, केळं आठवतं, खिडकीतून आत येणारा ढग आठवतो. मी आयुष्यात कुठल्याच परक्या देशात गेलो नाही. जो काही एक देश मला आतून माहीत आहे तो तिने दाखवलेला, आणि मी तो सगळा सावली शोधत वाचला.

तर यंदा. हॉलमध्ये ईशाचा फोटो, आणि तो प्रश्न, काढला कोणी. आजी गोंधळली. म्हणाली, असेल कोणी वाटेवरचं, मी नाही विचारलं. तिच्या आवाजात पहिल्यांदा शंका आली, मला स्पष्ट ऐकू आली. आणि माझी बायको, मनाने सोन्यासारखी बाई, समजुतीने म्हणाली, विचारून ठेवा हो. आमच्या यांचं आधी ठरलं होतं ना, ती मुलगी अशीच एकटी म्हणून फिरायला गेली होती. मोटारसायकलवरचाच फोटो. निघालाच शेवटी कोणीतरी.

मी उठलो. सत्तरी ओलांडलेली, गुडघे वाजतात, पण उठलो. बायकांमध्ये जाऊन उभा राहिलो. सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या, कारण मी हळदीकुंकवात कधी येत नाही. मी ईशाच्या आजीला म्हणालो, "कोणी नव्हतं. फोटो एका म्हाताऱ्या मास्तरांनी काढला होता. गाडी ती स्वतः चालवत होती, माझ्या डोळ्यांनी बघितलंय. मी खोटं बोललो होतो."

आजीला अर्धं कळलं असेल. बायकांनी भराभर वाणं उचलली, आम्हाला अजून दोन घरं करायचीयत म्हणाल्या. दार लागलं. हॉलमध्ये सांडलेला हलवा होता आणि आम्ही दोघं.

बायकोने सांडलेला हलवा वेचला. हळदीकुंकवाच्या वाट्या तिने ताटात नीट लावल्या. मग तिने माझ्याकडे बघितलं, आणि ते बघणं मी ओळखलं, कारण इतकी वर्षं तसं मी बघत आलोय.

"अजून काय काय खोटं सांगितलंयत मला?"

"काही नाही," मी म्हणालो.

हे खरं होतं. तिला ते पटलं नाही.